बीवाल्यांचं बी

त्या घराला गावात आडनावानं कुणी ओळखत नसे. बीवाल्यांचं घर म्हटलं की शेंबडं पोरही बोट करून दाखवायचं. आबांच्या आजोबांपासून ही माणसं कांद्याचं बी धरत आली होती. उन्हाळा सरायला लागला की आसपासच्या गावांतले लोक रिकामी पिशवी खिशात घालून त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. दुकानात बियाचे चकचकीत डबे मिळत, डब्यांवर टपोऱ्या कांद्यांची चित्रं असत. तरी लोक इथेच येत. आबा स्वतः माप भरून देत, वर दोन चिमटी जास्तीच्या टाकत आणि प्रत्येकाला दम भरत, "पाणी बेतानं दे. वाफ्याचं तळं करशील तर खबरदार." लोक मुकाट्यानं मान हलवत. आबांकडून बी न्यायचं तर वर बोलणीही न्यावी लागत.

त्या साली हिवाळ्यात आबांचे डोळे गेले.

तसे ते आधीपासूनच अधू होत चालले होते. बाजूनं आलेलं माणूस त्यांना दिसायचं नाही. धडकायचे आणि वर त्यालाच शिव्या हासडायचे. एकदा विहिरीच्या पायरीवर पाय चुकला आणि खरचटून निघाले, तेव्हा लेकीनं त्यांना बळजबरीनं शहरात नेलं. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते राखू. उपचार चालू ठेवायचे म्हणून आबा लेकीकडेच राहिले, आणि इकडे बियाचा कांदा नेमका फुलावर आला.

सगळा भार मुलावर पडला. मुलगा चाळिशी ओलांडलेला, कानशिलं पांढरी झालेला. पण आबांच्या लेखी तो अजून पोरगाच होता. लागवडीचे कांदे आबा निवडणार, डेंगळे, म्हणजे बियाचे गोंडे धरणारे दांडे, कधी छाटायचे ते आबा ठरवणार, बी आबा वाटणार. मुलानं पाणी धरायचं आणि ओझी वाहायची. त्याची बायको मनातल्या मनात म्हणायची, ह्यांना एकदा तरी स्वतःच्या मतानं काही करू दिलं असतं तर बरं झालं असतं. आता ती वेळ आली होती, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा धास्तीच जास्त दिसत होती.

आभाळ भरून राहिलं होतं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं कोंदट. डेंगळ्यांच्या हिरव्या दांड्यांवर पांढरट चट्टे पडायला लागले. पात उकलून बघितली की आत जिऱ्याहूनही बारीक किडे वळवळायचे.

"आबांना फोन लावून विचारा ना," ती म्हणाली.

"दरवेळी आबांनाच विचारायचं का?" तो उखडला. "मला काय कळत नाही?"

तो औषधांच्या दुकानात जाऊन बाटली घेऊन आला. दुकानदारानं म्हणे ठणकावून सांगितलं होतं, आज मारलं नाही तर उद्या काठ्या उरतील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाठीला पंप बांधला. गोंडे पूर्ण उमलले होते. पांढऱ्या चेंडूंनी सगळं रान भरलं होतं आणि त्यावर मधमाश्यांचा नुसता गजर चालला होता. ती बांधावर गवत कापत होती. फवाऱ्याचा धूर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरकताना बघत होती. मागच्या ओळी हळूहळू गप्प होत गेल्या. तिला ते जाणवलं, पण जाणवलं म्हणजे नेमकं काय झालं हे लगेच लक्षात आलं नाही.

दुपारी ती सरीतून चालत गेली तेव्हा पायाखाली माश्या होत्या. काही मेलेल्या, काही उताण्या पडून गरगर फिरणाऱ्या. नवरा पुढे उभा होता आणि पायानं त्यांच्यावर माती लोटत होता.

"काय केलंत हो हे?" ती म्हणाली.

"किडा मारला." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "नव्या येतील. माश्यांना काय तोटा आहे?"

नव्या आल्या नाहीत. एखाददुसरी चुकार यायची, गोंड्यावर टेकायची आणि उडून जायची. विहिरीजवळच्या झाडावरचं मोहोळही ओस पडलं. किडा मात्र खरंच मेला होता. डेंगळे हिरवेगार उभे होते, फुलं पांढरीशुभ्र होती. रस्त्यानं जाणारे थांबून म्हणायचे, "यंदा जोरात आहे बरं का!" आणि नवरा कसनुसा हसायचा.

आबा परतले तेव्हा फुलं अजून होती, पण त्यांची उरलीसुरली नजर राहिली नव्हती. लेकीनं काळा चष्मा दिला होता; तो त्यांना मुळीच शोभत नव्हता. घरात टेकले नाहीत, "रानात ने" म्हणाले. सुनेनं हात धरून नेलं. बांधावर पोचल्यावर त्यांनी हात सोडवून घेतला आणि मान जराशी तिरकी करून उभे राहिले.

"फुलं गळाली का गं?"

"नाही आबा. आहेत की."

"मग आवाज कुठाय?"

मागून नवरा म्हणाला, "ढगाळ आहे ना. माश्या बाहेरच पडत नाहीत."

आबांनी तोंड वर केलं. गालावर ऊन लागत होतं. त्या दिवशी आभाळ निवळलं होतं. त्यांनी क्षणभर तसंच राहून मग मान खाली घेतली, आणि सुनेला वाटलं, आता विचारतील. पण डोळे गेलेल्या माणसाला एक नवी सवय लागली होती: स्वतःवर संशय घ्यायची. "असेल," ते म्हणाले. "मला हल्ली धड काही समजत नाही."

त्याच दिवसापासून त्यांनी घरातल्या सगळ्यांना कामाला लावलं. माशी करते ते हातानं करायचं. सकाळी दव उडालं की ओळीत शिरायचं आणि दोन्ही तळहात गोंड्यांवरून फिरवत जायचं, एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. "तान्ह्या पोराच्या टाळूवरून फिरवतात तसा फिरव," आबा सांगायचे. स्वतःही ओळीत उभे राहायचे आणि चाचपडत पुढे सरकायचे. सुनेचे हात पिवळे व्हायचे, अंगाला उग्र वास चिकटायचा, डोळ्यांना धार लागायची. खांदे इतके भरून यायचे की भांडी घासताना हात वर जात नसे. नवरा दोन ओळी पलीकडे मान खाली घालून हात फिरवत असायचा. एकदा तिनं बघितलं तर तो रडत होता. कांद्याच्या रानात डोळे पुसणाऱ्याला कोण काय विचारणार? तिनंही विचारलं नाही.

बोंडं सुकून उकलायला लागली तेव्हा जे व्हायचं ते दिसलं. एरवी गोंडा तळहातावर झटकला की काळ्या दाण्यांचा सडा पडायचा. आता चार दाणे पडायचे आणि बाकीचा कोंडा. छाटलं, वाळवलं, काठीनं झोडपलं. सून उफणायला उभी राहिली. सुपातून वारा सगळंच घेऊन जातोय असं वाटत होतं. मग पाण्यात टाकलं. भरीव दाणा तळाला बसतो, पोकळ तरंगतो. पातेल्यात वर काळी साय धरली आणि तळाला जेमतेम थर बसला.

आबांनी पाण्यात हात घालून तो थर चाचपला. बराच वेळ हात बाहेर काढला नाही.

"जेवढं आहे तेवढं देऊ," शेवटी म्हणाले. "आधी आपल्यापुरतं बाजूला काढा. घराण्याचं बी बुडता कामा नये. मग जवळच्यांना. बाकीच्यांना सांगायचं, यंदा नाही."

"काय कारण सांगायचं?" मुलानं विचारलं.

"खरं ते. माश्या आल्या नाहीत."

का आल्या नाहीत, हे कुणीतरी विचारणारच होतं. बाटली विकणारा दुकानदार गावातच बसला होता आणि त्याच्या तोंडाला काही कुलूप नव्हतं. नवऱ्याच्या डोक्यात हेच फिरत होतं, सुनेला ते दिसत होतं. जेवताना घास हातातच राहायचा. रस्त्यात कुणी "बी कधी देताय?" म्हणालं की तो "देऊ की, देऊ की" म्हणत सटकायचा.

एक दिवस आबा दुपारी आडवे झालेले असताना त्यानं तिला मागच्या खोलीत बोलावलं. माळ्यावरून त्यानं पत्र्याचे दोन डबे खाली काढले होते. गेल्या वर्षीचं आणि त्याच्या आदल्या वर्षीचं उरलेलं बी. आबांनी त्याला ते तेव्हाच उकिरड्यावर टाकायला सांगितलं होतं, पण टाकवत नाही म्हणून त्यानं ठेवलं होतं. कांद्याचं बी एका वर्षापलीकडे जीव धरत नाही. दिसायला मात्र तसंच राहतं, तेच काळं, तेच टोकदार.

"पोत्याचं तोंड धर," तो म्हणाला.

"अहो, हे मेलेलं आहे."

"सगळंच कुठे मेलेलं असतं? निम्मं उगवेल. लोक दाट पेरतातच."

"आबांना विचारा तरी."

"आबांना काय सांगू?" त्याचा आवाज फुटला. "आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट माझ्या हाती दिली आणि मी तिची माती केली, हे सांगू? धर म्हणतो ना."

तिनं पोत्याचं तोंड धरलं. पुढे कितीतरी दिवस तिला ते आठवत राहिलं. तोंडानं नाही म्हणत होती, आणि हातांनी पोतं धरलेलं होतं. नव्या बियावर जुनं बी सरसर ओतलं गेलं. घरापुरतं म्हणून बाजूला काढलेलं तेही त्यानं त्यातच रिकामं केलं. पोतं भरलेलं दिसायला हवं होतं. मग कोपरापर्यंत हात घालून त्यानं ते खालीवर केलं.

संध्याकाळी आबांनी पोत्यात हात घातला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की सुनेला तिथं उभं राहवेना.

"अरे, बरंच झालं की! मला तर वाटलं..." ते हसायला लागले. "माझ्या हातांचंही आता खरं नाही. चिमूटभर वाटलं होतं मला."

"दुसऱ्या छाटणीचं मिळालं बरंच," मुलगा म्हणाला.

"असू दे, असू दे. कुणाला परत पाठवायला नको. बोलाव लोकांना."

लोक आले. आबा ओट्यावर काळा चष्मा लावून बसले, माप मांडीशी. आवाजावरून माणूस ओळखायचे, ओळखलं की खूश व्हायचे. "तू काय, गेल्या साली रोपं पिवळी पाडलीस, यंदा नीट कर." "काकू, तुला दोन चिमटी जास्त." खालच्या वस्तीवरची काकू एकटीच राहायची, तिच्या रानाचा तुकडा ओट्याएवढाच. तिनं पिशवीची गाठ दोनदा तपासून मारली आणि पदराखाली धरून घेऊन गेली.

सुनेनं त्यातलं चिमूटभर बी ओल्या फडक्यात बांधून चुलीमागच्या उबेला ठेवलं होतं. तिचा भाऊ यायचा होता त्या सकाळी तिनं ते सोडलं. दहातल्या एखाद्या दाण्यातून पांढरी सोंड डोकावत होती. बाकीचं नुसतं फुगून बुळबुळीत झालेलं. तिनं फडकं तसंच गुंडाळलं आणि चुलीत सारलं. ओलं होतं, पेटेना, नुसतं धुपत राहिलं.

भाऊ धाकटा होता. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर वाढवलेला. मोटारसायकल दारात लावून "ताई, चहा टाक" म्हणत तो थेट स्वयंपाकघरातच आला. यंदा त्यानं शेजाऱ्याचं रान वाट्यानं घेतलं होतं, सगळ्यात कांदाच घालणार होता. पाण्याची पाळी ठरवून झाली होती, माणसं सांगून झाली होती.

"सगळं तुमच्याच बियावर," तो म्हणाला. "दुकानाचं आणू नकोस म्हणून बायकोलासुद्धा दटावलं."

तिनं चहात साखर दोनदा घातली. "एक करशील का?" ती म्हणाली. "थोडं आधी उगवून बघ. ओल्या फडक्यात."

तो कप खाली ठेवून हसला. "तुमच्या घरचं बी? आबांनी ऐकलं तर मला ओट्यावरून खाली ढकलतील."

"तरीपण."

"का गं? काही आहे का?"

दारात नवरा येऊन उभा राहिला होता. नुसता तिच्याकडे बघत होता, धाक घालून नव्हे, गयावया केल्यासारखं.

"काही नाही," ती म्हणाली. "यंदा हवा वाईट होती म्हणून म्हटलं."

भावानं आबांच्या हातून माप भरून घेतलं, पाया पडला आणि गेला. मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत ती दारातच होती. अजून हाक मारता आली असती. ऐकू गेली नसती, एवढंच.

वाफे पडले, पाणी दिलं गेलं. कांद्याचं रोप उगवतं ते गुडघ्यात मुडपलेल्या पायासारखं, आधी वाक वर येतो आणि मग टोक मातीतून सुटतं. पहिल्यांदा आला तो पलीकडच्या आळीतला शेतकरी, तोही बिचकतच.

"आबा, अजून वर दिसत नाही फारसं."

"खोल टाकलं असशील."

दुसऱ्याला ते म्हणाले, पाणी कमी पडलं. तिसऱ्याला म्हणाले, जास्त झालं. लोक ऐकून घ्यायचे, पण ओट्यावरून उठताना एकमेकांकडे बघायचे. मग काकू आली. तिला उभ्याउभ्याच हुंदका फुटला. "आबा, माझ्या वाफ्यात नुसती माती आहे हो."

आबांचा तोल गेला. "इतकी वर्षं बी नेतेस आणि अजून मातीचा हात फिरवता येत नाही तुला? आपल्या हाताला यश नाही आणि माझ्या बियाला नावं ठेवायला आलीस?"

काकूनं डोळे पुसले. पदर सारखा केला आणि चप्पल हातात घेऊनच पायऱ्या उतरली. सून आत पीठ मळत होती. तिचे हात परातीतच थांबले.

काकूच्या त्या गप्प जाण्यानं आबांना काहीतरी टोचलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन दारात उभे राहिले. "मला तिच्या वाफ्यावर ने."

काकू घरी नव्हती, मजुरीला गेली होती. वाफा दाराशीच होता, कडा बोटानं लिंपाव्यात तशा नेटक्या. वर वाळल्या पाल्याची सावली धरलेली. आबा गुडघ्यांवर बसले. चष्मा काढून खिशात घातला. मग दोन्ही तळहात मातीला लागतील न लागतील असे धरून एका कडेपासून फिरवायला लागले. रानात गोंड्यांवरून फिरवले होते तसेच. माती मऊ होती, ओल बरोबर होती, पेरा हलक्या हाताचा होता. कुठेतरी एक रोप बोटांना लागायचं, की ते थांबायचे, भोवती चाचपायचे आणि पुढे जायचे. शेवटच्या कडेला पोचल्यावर त्यांनी बोट रोवून माती उकरली, दाणा काढला आणि दोन नखांत धरून दाबला. चिकट पाणी निघालं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"पोरी," ते म्हणाले, "हे कुठलं बी आहे?"

तिला वाटलं होतं, विचारतील तेव्हा रडू येईल. आलं नाही. तिनं सगळं सांगितलं. बाटली, माश्या, डबे, पोत्याचं तोंड. सांगताना ती त्यांच्या हाताकडे बघत होती. हात मातीतच होता.

"घरापुरतं काढलेलं?"

"तेही त्यातच."

आबा उठायला गेले आणि उठता येईना. तिनं काखेत हात घालून उभं केलं. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगाला तिचा असा हात पहिल्यांदाच लागत होता. किती हलके झाले आहेत हे, एवढंच तिच्या मनात आलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते गावभर आणि आसपासच्या वस्त्यांवर फिरले. ती काठीचं टोक धरून पुढे, ते मागे. ज्यांनी ज्यांनी बी नेलं होतं त्यांच्या दारात उभे राहायचे, आत जायचे नाहीत. हात जोडायचे. "बी मेलेलं होतं. मी दिलं. वाफा मोडा आणि दुसरीकडून आणा." मुलाचं नाव काढलं नाही. काही जणांनी "चालायचंच आबा" म्हटलं आणि दार लोटून घेतलं. एकानं विचारलं, "हंगाम परत आणून देताय का?" एका घरातली तरणी पोर आत म्हणाली, "डोळे गेले तरी हाव गेली नाही म्हाताऱ्याची." ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. आबा तिथंही हात जोडून उभे होते.

काकूच्या दारात ते वाकले. "काल बोललो ते तोंडात माती घालून परत घेतो."

काकू गडबडली. मग हळूच म्हणाली, "आबा, मी आता काय लावू?"

घरी नवरा रिकाम्या पोत्याशी बसून होता. बापानं दोष आपल्या डोक्यावर घेतल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. आबा आत येताच तो उठून त्यांच्या पायाशी बसला. "आबा, मारा मला. शिव्या द्या. काहीतरी बोला."

आबा त्याला वळसा घालून खाटेकडे गेले. "त्याला सांग," ते सुनेला म्हणाले, "मला पाणी हवंय."

तेव्हापासून ते तिच्यामार्फतच बोलायला लागले. त्याला सांग, बैल आत घे. त्याला सांग, दार लाव. तो समोर बसलेला असायचा.

आता उरलं होतं ते एकच. घराण्याचं बी जिवंत होतं ते लोकांच्या वाफ्यांत, वाफ्यामागे मूठ मूठ. तीच रोपं मागून आणायची, वाढवायची, त्यांचे कांदे ठेवायचे, पुढल्या साली त्यांचं बी धरायचं. आबांनी सुनेला गोणपाट ओलं करून घ्यायला सांगितलं. पुन्हा तीच दारं, पुन्हा तेच उंबरे. पण लोकांनी आबांचं ऐकलं होतं. बहुतेकांनी वाफे मोडून टाकले होते. एकाच्या वाफ्यात शेळ्या सोडलेल्या होत्या. एकानं सरळ सांगितलं, "असती तरी दिली नसती." काकूकडे चिमटीत मावतील एवढी रोपं होती. ती देण्यासाठी उपटायला वाकलीही, पण आबांनीच थांबवलं. "राहू दे तुला. तेवढी तरी लाव."

शेवटी राहिला तो भावाचा गाव. तिथं ती एकटीच गेली.

भाऊ वाफ्यावरच होता. तिला बघून उभा राहिला, हात झटकले. "या," म्हणाला. "बसा."

आजवर त्यानं तिला कधी 'या' म्हटलं नव्हतं. ती बांधावर बसली. घराच्या दारात भावजय दिसली आणि आत गेली. पाण्याचा तांब्या काही आला नाही.

"शेजाऱ्यानं रान परत मागितलं," तो म्हणाला. "वेळेवर लागवड होत नाही म्हणाला. दिलं."

"मी..."

"एकच विचारतो. त्या दिवशी तुला ठाऊक होतं?"

हवा वाईट होती, असं आताही म्हणता आलं असतं. "होतं," ती म्हणाली.

तो वाफ्याकडे बघत राहिला. "मोटारसायकलवर बसेपर्यंत मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो," तो म्हणाला. "वाटलं, बरं नसेल तुला. वाटेत ठरवलं, पुढच्या खेपेला दवाखान्यात न्यायचं."

मग तिनं रोपांचा विषय काढला. तो वाफ्यात उतरला, कुठल्याशा कोपऱ्यातून मूठभर रोपं उपटली आणि तिच्या गोणपाटावर ठेवली.

"तुमचं उगवेना म्हणून त्याच वाफ्यावर वरून दुकानाचं टाकलं होतं. यातलं तुमचं कुठलं आणि दुकानाचं कुठलं, मला सांगता यायचं नाही."

ती उठली. तो रस्त्यापर्यंत आला नाही. एसटीत गोणपाट मांडीवर घेऊन बसली तेव्हा त्याचं पाणी लुगड्यातून पायांवर उतरत होतं, आणि शेजारच्या बाईनं पाय आखडून घेतले.

घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. नवऱ्यानं विहिरीजवळ वाफा करून ठेवला होता, ढेकूळ न् ढेकूळ फोडून, चाळणीतून काढल्यासारखी माती. आबा कडेला बसले होते. तिनं गोणपाट त्यांच्यापुढे उलगडलं. त्यांनी रोपं हातात घेतली, मुळं चाचपली, पातींवरून बोट फिरवलं. ओठ हलत होते; जणू एकेकाला विचारत होते.

"आपलीच ना ही?"

नवरा तिच्याकडे बघत होता. पुन्हा तसंच, दारात उभं राहून बघितलं होतं तसं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. म्हातारा सुखानं झोपला असता.

"ठाऊक नाही, आबा," ती म्हणाली. "यात दुकानाचंही आहे. वेगळं काढता येत नाही."

आबांची बोटं थांबली. पलीकडच्या विहिरीवर कुणाचं तरी इंजिन चालू झालं, धडधडत राहिलं. त्यांनी रोपं परत गोणपाटावर ठेवली, मुळं एकीकडे, शेंडे एकीकडे, नीट जुळवून.

"लावून टाका," ते म्हणाले. "खायला होतील. बियाला धरू नका."

सून घागर भरायला वळली. मागे नवरा वाफ्यात गुडघ्यांवर बसला होता. हातात रोपं घेऊन तो चाचरत म्हणाला, "आबा, किती अंतर ठेवू?"

तिचा हात दोरावरच राहिला. इतक्या दिवसांत आबांनी पहिल्यांदाच त्याच्या दिशेनं तोंड वळवलं होतं.

"कसंही लाव," ते म्हणाले.